वसईचा किल्ला आणि आपण

हेंद्रेपाड्याजवळून जी उल्हास नदी वाहते, तीच पुढे कल्याण, भिवंडी, ठाणे ओलांडून खाडी होते आणि वसईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. बदलापुरात आज राहणाऱ्या आपल्यातील किती जणांना हे ठाऊक आहे कोण जाणे. आम्हांलाही ते एका मुलाने नकाशात बोट फिरवून दाखविले तेव्हा कळले. गेल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळाने वसईच्या किल्ल्याची सहल काढली. बदलापूरहून लोकलने दिवा, दिव्याहून वसई रोडची गाडी आणि तेथून बसने किल्ला. नदीला जो प्रवास काही दिवसांत उमजत असेल तो आम्ही तीन तासांत उरकला.

त्या सहलीत आमच्या हातून एक चूक घडली. या लेखाचे निमित्त तीच आहे.

आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगी आणि तिचा नियोजित वर सहलीत होते. जानेवारीत त्यांचा विवाह व्हायचा होता. त्यांनी एका छायाचित्रकाराला परस्पर किल्ल्यात बोलावून ठेवले होते. लग्नाआधी अशी छायाचित्रे काढण्याची आता रीतच पडली आहे आणि वसईचा किल्ला हे त्यासाठी मुंबई-ठाण्याकडचे आवडते ठिकाण. तासाभराची परवानगी मागून ती दोघे गेली. पुढे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या संत अंतोनीच्या पडक्या चर्चमध्ये आम्ही शिरलो, तर जेथे एकेकाळी वेदी होती नेमके तेथे तो तरुण तिला दोन्ही हातांवर उचलून उभा होता आणि छायाचित्रकाराची तिकाटी एका थडग्याच्या शिळेवर रोवलेली होती. आमचा तोल गेला. "हे देवाचे घर आहे, चौपाटी नव्हे!" असे आम्ही सर्वांदेखत ओरडलो. मुलीचे डोळे भरून आले. मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, "फादर, इथे छप्परसुद्धा नाही. बाहेर शंभर जणं फोटो काढताहेत, त्यांना कुणी बोलत नाही. आम्ही निदान क्रुसाची खूण करून आत आलो."

आम्हांला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावरही बरेच दिवस सुचले नाही.

प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. जेथे दोन-अडीचशे वर्षांत नित्याची मिस्सा झालेली नाही, जेथे वेदी नाही, पवित्र मंजूषा नाही, जेथे वेदीच्या जागी गवत आणि गवतात शेळ्या आहेत, ती जागा पवित्र आहे काय? ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेत याचे उत्तर आहे आणि सेमिनरीत आम्ही ते पाठही केले होते. १२१२ वे कलम सांगते की, पवित्र स्थानाचा मोठा भाग नष्ट झाला किंवा ते कायमचे लौकिक वापरात गेले, तर त्याचे अर्पण संपुष्टात येते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो तरुण बरोबर होता आणि आम्ही चूक. परंतु त्याच संहितेत दहा कलमांनंतर आणखी एक तरतूद आहे. ज्या चर्चमध्ये उपासना करणे शक्य उरलेले नाही, ते धर्माध्यक्षांना लौकिक वापरासाठी देता येते; मात्र तो वापर हीन असता कामा नये. लौकिक असावा, पण हीन नसावा, या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आमचा सगळा प्रश्न उभा आहे. विवाहाच्या उंबरठ्यावरील दोन जिवांनी एकमेकांकडे पाहून हसणे यात हीन ते काय? खरे सांगायचे तर वेदीसमोर उभे राहून ती दोघे तीन महिन्यांनी जे करणार होती, त्याचीच ती रंगीत तालीम होती.

देशाचा कायदाही जवळजवळ हेच बोलतो, याचे आम्हांला नवल वाटले. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील १६ व्या कलमाप्रमाणे, जे संरक्षित स्मारक उपासनेचे स्थान आहे त्याचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत अशा कामासाठी करता येत नाही. पण एखादी वास्तू उपासनास्थान केव्हापर्यंत असते? शेवटची प्रार्थना होईपर्यंत, की शेवटची भिंत पडेपर्यंत? आमच्या शेजारी अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिलाहारांचे शिवमंदिर आहे. त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. तेही पुरातत्त्व खात्याकडेच आहे. परंतु तेथे आजही पूजा होते, महाशिवरात्रीला रांगा लागतात आणि ते देवाचे घर आहे काय, असा प्रश्न कोणाला पडत नाही. वसईत पडतो, कारण तेथील उपासक निघून गेले. निदान आम्ही तसे धरून चाललो होतो. या समजुतीला धक्का बसला तो दुपारी.

डबे सोडून आम्ही समुद्राकडच्या दरवाजाजवळ सावलीत बसलो होतो. मुलांना इतिहास सांगत होतो. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली, त्यानंतर त्यांनी कोट बांधला, दोनशे वर्षे येथून उत्तर कोकणचा कारभार पाहिला. उमरावांचे वाडे, दरबार, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा संघांचे मठ, विद्यालये, सगळे या तटाच्या आत. गोव्याखालोखाल वैभव येथेच, म्हणून या नगराला उत्तरेचा दरबार म्हणत. मग १७३९. चिमाजी आप्पांचा वेढा, सेंट सेबास्टियनच्या बुरुजाखाली पेरलेले सुरुंग, मराठ्यांची पडलेली हजारो माणसे आणि मे महिन्यात पोर्तुगिजांची शरणागती. एवढे झाले आणि एका बारावीतल्या मुलाने विचारले, "फादर, या लढाईत आपण कोणाच्या बाजूचे?"

सगळे गप्प झाले. त्याच्याबरोबर हेंद्रेपाड्यातला त्याचा एक हिंदू मित्र आला होता. सकाळी चिमाजी आप्पांच्या स्मारकापाशी त्याने मोठ्या उत्साहाने जयजयकार केला होता आणि आमच्या मुलाने तोंड उघडावे की मिटावे, या विवंचनेत अर्धवट साथ दिली होती. तो संकोच आम्ही पाहिला होता. तो त्या मुलापुरता नाही. आपल्या समाजातील बहुतेक घरांत तो थोडाफार आहेच. किल्ला जिंकला म्हणून आनंद मानावा तर चर्चेस पडली याचे काय करावे, आणि चर्चेस पडली म्हणून दुःख मानावे तर शेजाऱ्याला काय वाटेल? मग आपण किल्ल्याविषयी बोलतच नाही, फोटो काढतो.

आम्ही त्याला एकदम उत्तर दिले नाही. एक जुनी गोष्ट सांगितली. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत, म्हणजे आपल्याच उल्हास नदीवर, आरमारासाठी गलबते बांधायला घेतली. त्या कामावर वसईचे पोर्तुगीज कारागीर आणि त्यांची माणसे होती. स्वराज्याचे आरमार पाण्यात उतरविण्यासाठी ख्रिस्ती हात राबत होते, आणि ते कळताच वसईच्या कप्तानाने त्यांना परत फिरविले. बाजू राजांना असतात. सुतार, लोहार, कोळी, शेतकरी यांना पोट असते आणि नदी असते.

आणि हेही सांगितले की, तो कोट आपला नव्हताच. वसईतील ख्रिस्ती समाज कोटाबाहेरच्या गावांत, वाडीत, कोळीवाड्यांत होता. आत फिरंगी उमराव होते. त्यांनी आमच्यापर्यंत शुभवर्तमान आणले, याबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत. आणि त्यांनी या भूमीवरील देवळे पाडली, धर्मन्यायालयाची दहशत बसविली, हेही तितकेच खरे आहे. यातील एक सांगून दुसरे लपविणारा खोटा असतो, मग तो पुलपिटावर उभा असो की स्मारकापुढे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या पुत्रकन्यांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमायाचना केली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली केलेली जबरदस्ती तीत होती. त्याआधी काही दिवस धर्मपंडितांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जे विवेचन प्रसिद्ध केले त्यात एक सूक्ष्म भेद केलेला आहे. पाप हे नेहमी व्यक्तीचे असते, आजोबांचे पाप नातवाच्या माथी येत नाही. परंतु एकाच देहाचे अवयव या नात्याने त्याचा भार आपण वाहतो.

आम्हांला हा भेद 'वारसा' या मराठी शब्दाने अधिक नीट कळतो. हल्ली हा शब्द फार स्वस्त झाला आहे. वारसा-फेरी, वारसा-महोत्सव, वारसा-हॉटेल. परंतु ज्यांनी गावाकडच्या जमिनीचे खटले पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, वारसा म्हणजे केवळ वाडा आणि आंबराई नव्हे. वडिलांच्या सातबाऱ्याबरोबर त्यांचा बोजाही उताऱ्यावर येतो. बुरूज आमचा म्हणायचे आणि त्याखाली गाडलेले दुसऱ्याचे देऊळ मात्र आमचे नाही म्हणायचे, असा व्यवहार कोणत्याही तलाठ्यापुढे टिकणार नाही. विजय आमचा आणि विजयानंतर ओस पडलेल्या वेदी मात्र कुणाच्याच नाहीत, हेही त्याच जातीचे.

आता घंटांचे पाहा. वसई पडल्यावर चर्चेसच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि महाराष्ट्रभरच्या देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराची घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर जी आहे ती १७०७ ची, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. ती आम्ही पाहिली आहे. आशीर्वादित घंटा, जिने कधीकाळी देवदूताच्या प्रार्थनेची वेळ सांगितली असेल, ती शंकराच्या देवळापुढे टांगलेली पाहून आमच्या पोटात प्रथम कालवले, हे कबूल करतो. या घंटा परत मागाव्यात, असे आपल्यातील काही जण म्हणतात. आमचे मत तसे नाही. मागून कोठे टांगणार? ज्या मनोऱ्यांतून त्या उतरल्या ते मनोरे आज नाहीत. शिवाय त्या वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. तो काळ तोफांचाच होता. तसे झाले नाही. कोणीतरी त्या देवासाठी राखल्या, देव कोणत्या नावाचा हा भाग अलाहिदा. तीनशे वर्षांनंतर मरियामातेची आकृती कृष्णेच्या घाटावर शाबूत आहे, हे ज्यांनी राखले त्यांचे आभार मानावेत, असेच आम्हांला वाटते. या मताशी आमचे एक सहकारी धर्मगुरू मुळीच सहमत नाहीत, आणि त्यांचा राग आम्ही समजू शकतो. लुटीतून आलेली वस्तू जतन केल्याने लूट पुसली जात नाही, असे ते म्हणतात. ते खरेच आहे. पण ते लुटीचे माप सगळ्यांना एकच लावायला तयार आहेत काय, एवढे आम्ही त्यांना विचारले.

पर्यटनाविषयी थोडे. पर्यटकांना नावे ठेवणे फार सोपे आहे. दगडावर नावे कोरणारे, बाटल्या टाकणारे आहेतच. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला २०१० च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे त्यांच्या गावीही नसते. येथे चित्रपटांची चित्रीकरणे होतात. २०१६ साली कोल्डप्ले या विलायती गायकवृंदाच्या गाण्यात हे भग्न अवशेष जगभर दिसले. पण आपण धर्मगुरूंनी प्रवाशाला तुच्छ लेखून यात्रेकरूला डोक्यावर घ्यावे, इतके ते दोघे वेगळे नाहीत. बांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेला जाणारा भाविक नोव्हेना करतो आणि खाजाही खातो. वेलंकणीला गेलेल्या आमच्या कुटुंबांच्या सामानात मेणबत्त्यांपेक्षा साड्या अधिक असतात. त्यात वाईट काय आहे? पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिराला २०१९ मध्ये आग लागली आणि २०२४ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडले. त्याआधी तेथील सांस्कृतिक मंत्र्यांनी पर्यटकांकडून पाच युरोचे शुल्क घ्यावे, असे सुचविले. तेथील ख्रिस्तसभेने नकार दिला. आत येणाऱ्यांत भाविक कोण आणि प्रवासी कोण, हे दारावर उभे राहून ठरविता येत नाही, असा त्या नकाराचा अर्थ आम्ही लावतो. आमच्यापुढे छायाचित्रे काढणाऱ्या त्या दोघांना आम्ही दारावरच ठरवून टाकले होते.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येरुशलेमच्या मंदिरातून बाहेर पडताना एक शिष्य प्रभूला तेथील अवाढव्य चिरे आणि इमारती कौतुकाने दाखवितो. गालिलातला कोळी राजधानीत आलेला, बिचारा अगदी सहलीला आल्यासारखा हरखला आहे. प्रभू त्याला सांगतो की, यातील चिऱ्यावर चिरा राहणार नाही. हे वचन आम्ही कित्येकदा पडक्या वास्तूंच्या संदर्भात वापरले आहे: दगडांचे काय घेऊन बसलात, श्रद्धा महत्त्वाची. वसईचा इतिहासही तेच सांगतो. कोट गेला, फिरंगी गेले, परंतु गावोगावचे ख्रिस्ती राहिले. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक शरणागतीच्या तहातच मिळाली होती आणि गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी त्यांना सांभाळले. किल्ल्याच्या आधारावाचून जी श्रद्धा टिकली तीच आज वसईच्या गावागावांत आहे. परंतु त्याच प्रभूने येरुशलेम दिसताच अश्रू ढाळले, हे आम्ही प्रवचनात सोयीस्करपणे विसरतो. जे पडणार हे त्याला ठाऊक होते, ज्यावर त्याची श्रद्धा अवलंबून नव्हती, त्याच्यासाठी तो रडला. दगडांना धरून बसू नये, आणि तरीही त्यांच्यासाठी रडावे, या दोन्ही गोष्टी एकाच हृदयात मावतात तर.

आमच्याबरोबर एक वृद्ध मावशी होत्या. माहेर वसईचे, पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन आधी मुंबईला आणि मग, परवडेना म्हणून, बदलापूरला आलेल्या. दुपारच्या त्या चर्चेत त्या काही बोलल्या नाहीत. जेवण झाल्यावर त्या एकट्याच जुन्या जेझुइट चर्चकडे गेल्या. संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाची मिस्सा तेथे दर वर्षी होते. हे संत १५५७ मध्ये वसईतच जन्मले. वडील पोर्तुगीज, आई याच मातीतली. त्यांनाही कोणी विचारले असते की, तुम्ही कोणाच्या बाजूचे, तर ते काय म्हणाले असते? १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आले, ते तर तिसऱ्याच देशात. मावशी परत आल्या तेव्हा आम्ही विचारले, "काय मावशी, प्रार्थना केलीत?" त्या म्हणाल्या, "प्रार्थना कसली फादर! लहानपणी सणाला आईचा हात सुटून मी इथेच हरवले होते. ती जागा बघून आले."

म्हणजे उपासक निघून गेले, हे आमचे गृहीतच चुकले होते. जागा पवित्र आहे की नाही, हे कलमांनी ठरते त्यापेक्षा, तेथे कोण हरवले होते आणि कोण सापडले होते, यावर अधिक ठरत असावे. हे तर्कशास्त्राला धरून नाही, याची जाणीव आम्हांला आहे. धर्मसंहितेच्या आमच्या प्राध्यापकांनी या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली असती. उद्या कोणीही कोणत्याही जागेवर आठवणींच्या जोरावर हक्क सांगू लागेल, ही त्यांची शंका रास्त ठरली असती, आणि तसे हक्क सांगणारे आपल्या देशात कमी नाहीत. पण मावशींनी हक्क सांगितला नाही. त्या जागा बघून आल्या, आणि शेजारी डबा खात बसलेल्या कुटुंबाला त्यांनी उठायला सांगितले नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग; तमिळनाडूतील जिंजीही त्यात आहे. आनंदाची गोष्ट आहे. वसई त्यात नाही, आणि ती यादी ज्या विषयाची आहे तो पाहता नसणे स्वाभाविक आहे. वसईचा किल्ला कोणत्याच एका यादीत नीट बसणार नाही. तो बांधला एकाने, जिंकला दुसऱ्याने, १७८० मध्ये घेतला तिसऱ्याने, आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी ज्या तहावर सही केली तो तहही वसईचाच. ज्याला अभिमानासाठी निखळ वास्तू हवी असेल त्याने दुसरीकडे जावे. आत नागेश्वर आहे, वज्रेश्वरी आहे, पडकी चर्चेस आहेत आणि बंदरावर कोळ्यांच्या होड्या आहेत.

सहलीनंतरच्या रविवारी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो आणि आईवडिलांसमक्ष तिची क्षमा मागितली. पवित्र जागेचा मान राखा, एवढे सांगण्याचा आम्हांला अधिकार होता. चारचौघांत तिला रडविण्याचा नव्हता. ती म्हणाली, "जाऊ द्या फादर, फोटो तर बघा." तिने छायाचित्रे दाखविली. हातावर उचलून घेतलेले त्यांनी स्वतःहून वगळले होते. एकात दोघे नुसती शेजारी उभी होती. त्यांच्या पायांपुढे थडग्याची शिळा होती आणि तिरप्या उन्हामुळे तिच्यावरची अक्षरे, प्रत्यक्षात दिसली नव्हती इतकी, स्पष्ट उठली होती. आमच्या माहितीच्या एका पोर्तुगीज जाणणाऱ्या धर्मगुरूंना आम्ही ते छायाचित्र पाठविले. त्यांनी कळविले की, नाव झिजून गेले आहे, साल वाचता येत नाही. शेवटचे शब्द तेवढे शिल्लक आहेत आणि ते अशा बहुतेक थडग्यांवर असतात: हे थडगे अमक्याचे, आणि त्याच्या वारसांचे.

नोव्हेंबरच्या २ तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, मुलीच्या आईने त्या माणसासाठी मिस्सा सांगितली. वहीत नाव काय लिहायचे, असे आमच्या कचेरीतल्या मुलाने विचारले. बाईंनी जरा विचार केला आणि सांगितले, "लिही, वसईच्या किल्ल्यातला एक."